धाकटीचा व्हिडिओ आणि थोरलीची खोली

दुसऱ्याचं बरं झालं की थोरलीच्या पोटात दुखतं, असं गल्लीत काही जण म्हणतात. साफ खोटं आहे. शेजारच्या मुलीला नोकरी लागली तेव्हा सगळ्यात आधी कौतुक करायला धावली ती थोरलीच. समोरच्यांनी नवी गाडी घेतली, तर गाडीभोवती दोन फेऱ्या मारून "रंग अगदी शोभतो हो तुम्हाला" असं तिनंच सांगितलं. तिच्या पोटात दुखतं ते फक्त धाकटीचं बरं झालं की. बाकीचं जग खुशाल सुखात नांदो.

थोरली आणि धाकटी या जावा. घर एक, मजले दोन. थोरली वर, धाकटी खाली. विजेचे मीटर वेगळे, स्वयंपाकघरं वेगळी. सामाईक राहिलं ते जिना, पाण्याची टाकी आणि सासूबाई. जिना कोणी झाडायचा यावरून कधी वाद झाला नाही, कारण घरातलं कोणी उठायच्या आत धाकटी तो झाडून मोकळी होते. वाद होत नाही याचाच थोरलीला जास्त राग. भांडायला कारणच द्यायचं नाही म्हणजे काय? माणसानं थोडं तरी चुकावं!

त्यात भर म्हणजे दोघी एकाच कंपनीत. पाण्याचे नळ आणि तोट्या बनवणारी कंपनी. थोरली तिथं जुनी, प्रशिक्षण विभागात. विभाग म्हणजे तीच. धाकटी माल पाठवणीत, कुठल्या गावाला किती खोकी गेली ते बघायला. तिला तिथं चिकटवली कोणी? थोरलीनंच. "माझी जाऊ आहे, कामाला वाघ आहे," असं साहेबांना आपल्या तोंडानं सांगून आली होती. स्वतःच्या पायावर धोंडा लोक नकळत मारून घेतात. हिनं तो निवडून, उचलून, नेम धरून मारला.

थोरलीचं राज्य म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या टोकाची खोली. हाताशी फळी असलेल्या खुर्च्या, त्यातल्या एकीची फळी सुतळीनं बांधलेली. भिंतीवर पांढरा बोर्ड, त्याच्या कोपऱ्यात कोणीतरी न पुसणाऱ्या शाईनं काढलेला बाण, जो कशाकडे जातो ते आता कोणालाच आठवत नाही. छताला प्रोजेक्टर. तो चालू झाला की सगळं हिरवट दाखवायचा, मग थोरली खुर्चीवर चढून त्याला डाव्या अंगाला एक चापट द्यायची की रंग ताळ्यावर यायचे. ती चापट दुसऱ्या कोणाला जमली नाही. साहेबांनी एकदा दिली, तर बिचारा पंधरा दिवस बंद पडला.

कंपनीत नवं काहीही आलं, हजेरीचं यंत्र असो, रजेचा अर्ज असो, मेल असो, की सगळ्यांना त्या खोलीतून जावं लागे. थोरलीचा एकच कायदा होता. ती दाखवत असताना समोरच्यानं कीबोर्डला हात लावायचा नाही. "हात मांडीवर!" असा आवाज आला की गोदामवाले काकांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे हात मांडीवर. आणि दुसरी तिची खोड म्हणजे ती आधी सगळं बिघडवून दाखवायची. सगळ्यांनी मिळून बनवलेली फाईल सगळ्यांच्या देखत उडवायची. वर्गात हाय हाय व्हायचं. मग शांतपणे ती परत आणून दाखवायची. म्हणायची, "मोडलेलं जोडता आलं की माणूस मोडायला भीत नाही." तिला तिथं कोणी नावानं हाक मारत नसे. बाई म्हणायचे. कॉरिडॉरमधून जाताना 'नमस्कार बाई', 'काय बाई, चहा झाला का' अशी रांग लागायची, आणि त्या रांगेतून जाताना थोरलीची मान कशी इंचभर लांब व्हायची, ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच ठाऊक.

मग कंपनीत ते नवं ॲप आलं. मिळून काम करायचं ॲप. एकच फाईल, तिच्यात सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते 'करायचंय' मधून 'चाललंय' मध्ये आणि तिथून 'झालं' मध्ये सरकवायचं. उघडलं की समोर कार्डांनी भरलेला फळा दिसायचा, म्हणून सगळे त्याला फळाच म्हणू लागले. थोरलीनं बाह्या सरसावल्या. वर्ग सुरू केले. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना दटावून सांगितलं, "एक लक्षात ठेवा मंडळी. फळ्यावर काही लपत नाही. तुम्ही फाईल उघडलीत, व्हिडिओ बघितलात, की तुमचं नाव तिथं नोंदलं गेलं. उगाच 'मला दिसलंच नाही' म्हणू नका." हे वाक्य वाचकांनी जपून ठेवावं. ज्यानं जपून ठेवायला हवं होतं त्यानं ठेवलं नाही.

माशी शिंकली ती दुसऱ्या गावच्या शाखेत. तिथल्या एका मुलीला फाईल सगळ्यांशी शेअर कशी करायची ते कळेना. तिनं धाकटीला फोन केला. धाकटी फोनवर सांगून दमली. शेवटी तिनं काय केलं, तर आपल्या कॉम्प्युटरचा पडदाच रेकॉर्ड केला. माउसचा बाण इकडून तिकडे सरकतोय, खालच्या कोपऱ्यात बटणाएवढ्या गोलात धाकटीचं तोंड, आणि मागून तिचा आवाज. "घाबरू नका हं. आपण दोघं मिळून करू." पाच-सहा मिनिटांचा खेळ. तिनं तो फळ्यावर टाकला आणि खोकी मोजायला निघून गेली.

दोन दिवसांत तो व्हिडिओ कंपनीभर. तिसऱ्या दिवशी थोरलीच्या वर्गात खुर्च्या रिकाम्या. चौथ्या दिवशी हिशेबवाली कॉरिडॉरमध्ये भेटली. ही बाई वाईट नाही, फक्त तिला मीठ कुठं टाकू नये ते कळत नाही.

"बाई, तुमच्या जावेचा व्हिडिओ पाहिला हो! काय सांगते! अगदी हात धरून सांगितल्यासारखं."

"हो का," थोरली म्हणाली.

"आणि आवाज किती गोड!"

"हो का."

"तुम्हीच शिकवलं असेल ना घरी?"

हा प्रश्न ऐकून थोरली सरळ आपल्या खोलीकडे वळली. तिच्या तळपायाची आग मस्तकात जाऊन तिथं चहा ठेवण्याच्या बेताला आली होती.

घरी आली तर जिन्याखालीच सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या, हातात मोबाईल, आणि मोबाईलमधून धाकटी बोलतेय. "घाबरू नका हं."

"आई, तुम्ही हे काय बघताय? तुम्हाला कुठली फाईल शेअर करायचीय?"

"अगं, मला कशाला फाईल? पण किती गोड बोलते बघ. दोन वेळा पाहिलं. काही म्हणजे काही कळलं नाही, पण बरं वाटलं."

थोरली वर गेली. नवरा बूट काढत होता.

"तुम्ही पाहिलात का हो तो व्हिडिओ?"

नवऱ्यानं बायकोच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर द्यायला हवं होतं. त्यानं बुटाकडे बघून दिलं. "हो, भावानं पाठवला. छान केलाय गं. मलासुद्धा समजलं."

"तुमच्या ऑफिसात ते ॲप आहे का?"

"नाही."

"मग समजून काय करणार आहात?"

नवऱ्यानं काढलेला बूट पुन्हा घातला आणि काहीतरी आणायचं राहिलंय असं सांगून खाली गेला. शहाणा माणूस.

हे इथवर चाललं असतं. बायका जळतात, पुरुष जळतात, कोणाच्या अंगातून धूर येत नाही म्हणून कळत नाही इतकंच. पण एके सकाळी साहेब थोरलीच्या खोलीत आले आणि खुर्च्यांकडे न बघता भिंती बघू लागले. साहेबांना आकड्यांचा फार नाद. ते गरम पाणी प्यायचे तेसुद्धा घोट मोजून.

"बाई, खोली ऐसपैस आहे हो," ते म्हणाले.

"आहे," थोरली सावध झाली.

"नमुन्याच्या तोट्या मांडायला जागा हवीय. गिऱ्हाईक येतं, त्याला दाखवायचं कुठं? आता व्हिडिओनंच जर लोक शिकतायत तर... म्हणजे मी काही ठरवलेलं नाही हं. महिनाअखेरीला आकडे बघू. व्हिडिओ किती जणांनी पाहिला, वर्गाला किती आले. जे चालतं ते ठेवायचं."

"आणि मी?"

"तुमची काळजी नको. तुम्हाला माल पाठवणीत घेऊ. तिथं तुमची जाऊ आहेच सांभाळून घ्यायला."

सांभाळून घ्यायला! साहेब गेल्यावर थोरली त्या सुतळी बांधलेल्या खुर्चीत बसली. जिना झाडून टाकणारी, सासूबाईंना गोड लागणारी, कधी न चुकणारी ही बया आता ऑफिसातही सांभाळून घेणार. खोली गेली की बाई गेल्या. उरणार ती फक्त धाकटीची जाऊ.

तेव्हा तिनं ठरवलं की व्हिडिओत चुका काढायच्या. साहेबांसमोर टेबलावर मांडायच्या. एवढं बोलतेय म्हणजे कुठंतरी घसरलीच असणार.

खोलीचे पडदे ओढून, कानात इअरफोन घालून थोरली बसली. पाहिलं. पुन्हा पाहिलं. "आपण दोघं मिळून करू" या वाक्यावर तिनं पहिला आक्षेप घेतला. अगं, तू तिकडे एकटी, तो इकडे एकटा, दोघं कुठली आणि मिळून कसली? पण ही काही चूक म्हणता येईना. पुढे गेली. बटण बरोबर. क्रम बरोबर. फाईल कोणाला फक्त बघू द्यायची आणि कोणाला बदलू द्यायची, हा भाग तर थोरली स्वतः वर्गात घाईत उरकायची. धाकटीनं तो सावकाश सांगितला होता. हे बघून थोरलीला ठसका लागला. सगळं धुंडाळून हाताशी काय आलं, तर 'क्लिक करा' म्हणताना 'क्लि' जरा नाकातून येतो. एवढ्यावर खोली वाचत नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. काल नजरेतून सुटलं असेल. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चुका सापडेनात, पण व्हिडिओच्या खाली एक आकडा असायचा, किती वेळा पाहिला गेला त्याचा, तो मात्र रोज वाढलेला दिसायचा. त्या आकड्यानं तिची झोप उडवली. सकाळी आल्या आल्या आधी तो बघायचा. वाढला! चहाच्या आधी बघायचा. वाढला! चहानंतर बघावं तर पुन्हा वाढला! "लोकांना कामधंदे नाहीत का?" ती भिंतीला विचारायची. ते पान उघडलं की व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा, ती तो बंद करण्याऐवजी आता पाहतोच आहोत तर शेवटपर्यंत पाहू, म्हणून पाहायची, आणि पाहून झालं की आकडा वाढला का ते बघायला पान पुन्हा उघडायची. विहिरीतलं पाणी वाढतंय म्हणून घाबरलेल्या माणसानं बादली बादली पाणी आत ओतावं, तसला प्रकार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मग तिच्या मनात आलं, व्हिडिओ काय, मीही करीन. ती काय आभाळातून पडली आहे?

रविवारी दुपारी तिनं नवऱ्याला दुसऱ्या खोलीत बसवलं, दार लोटलं, लॅपटॉप उघडला, रेकॉर्डिंग सुरू केलं. आणि बघते तर काय. समोर कोणीच नाही! ना गोदामवाले काका, ना हिशेबवाली, ना कोणाची जांभई. ती पडद्याकडे बघून सवयीनं म्हणाली, "हात मांडीवर!" आणि आपलेच हात मांडीवर ठेवून बसली. मग लक्षात आलं की माउस कोण हलवणार? पुन्हा सुरुवात. फाईल उघडली, दाखवली, विचारलं, "समजलं का?" आणि उत्तराची वाट बघत थांबली. "मागचे, तुम्हाला विचारतेय!" कोणी बोलेना. तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि आवाज आला, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?"

"डोळ्यावर आहे तुमच्या!"

"अरे हो."

हे सगळं रेकॉर्ड झालं. ऐकताना तिला आपला आवाज दुकान बंद करायला आलेल्या इन्स्पेक्टरसारखा वाटला. कोपऱ्यातल्या गोलात तोंडाऐवजी कपाळ आणि पंख्याचं एक पातं. तिनं ते पुसून टाकलं आणि खाली पाणी भरायला गेली. टाकीपाशी धाकटी होती.

"ताई, वरून वर्ग घेतल्यासारखा आवाज येत होता. व्हिडिओ करताय?"

"छे! फोनवर बोलत होते."

"करायचा असेल तर सांगा हं. मी शिकवीन. सोपं असतं, घाबरायचं नाही."

माणसाला कोणी शिवी दिली तर परत देता येते. "मी शिकवीन" याला काय परत देणार? थोरली बादली अर्धीच भरून वर गेली.

महिनाअखेर आली. साहेबांनी बैठक ठेवली ती नेमकी थोरलीच्याच खोलीत, म्हणजे ज्याला फाशी द्यायची त्याच्याच दोरीनं. विभागांचे प्रमुख आले, गोदामवाले काका आले, हिशेबवाली आली, धाकटी दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसली. तिलाही ठाऊक होतं आज काय होणार. ती दोनदा थोरलीकडे बघून हसायला गेली आणि दोनदा राहिली. प्रोजेक्टर हिरवट झाला. थोरली खुर्चीवर चढली, डाव्या अंगाला चापट दिली. तिला वाटलं, ही शेवटची. खुर्चीवरून उतरताना काकांनी हात पुढे केला तो तिनं धरला, एरवी धरत नसे.

साहेबांनी फळा उघडला. "हा बघा. व्हिडिओ पाचशेच्या वर वेळा पाहिला गेलाय. आपण सगळ्या शाखा मिळून माणसं दीडशे! म्हणजे लोक पुन्हा पुन्हा बघतायत. आणि वर्गाला महिन्यात आले किती, तर वीस." ते धाकटीकडे वळले. "शाब्बास!"

धाकटीनं मान खाली घातली. कान मात्र लाल झाले होते, ते सुखानं. थोरलीनं ते बरोबर टिपलं. अशा वेळी तिची नजर घारीची.

"कुठल्या शाखेनं जास्त पाहिला तेही बघू," साहेब म्हणाले. आकडा दिसला की त्याच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी 'कोणी पाहिलं' वर क्लिक केलं.

थोरलीला आपलंच वाक्य आठवलं. फळ्यावर काही लपत नाही. आठवलं, पण क्लिक झाल्यावर.

भिंतीवर नावांची यादी उलगडली. सगळ्यात वर एक नाव, त्याच्यापुढे एक लांबलचक पट्टी, पार बोर्डावरच्या त्या बाणाला जाऊन टेकलेली. आणि त्याखाली बाकीच्यांची नावं, कोणाची एक, कोणाची दोन, मुंगीएवढ्या पट्ट्या. पट्टीच्या पुढे कोणी कुठवर पाहिलं तेही दिसत होतं. कोणी सुरुवातीला सोडलेला, कोणी निम्म्यात. शेवटपर्यंत पाहणारं नाव एकच. दर वेळी शेवटपर्यंत.

सगळ्यांनी माना पुढे काढून ते नाव वाचलं.

"बाई," हिशेबवाली हळूच म्हणाली, "हे तर तुमचं नाव."

"आम्हाला शिकवून शिकवून," गोदामवाले काका म्हणाले, "तुमचं स्वतःचं शिकायचं राहून गेलं होतं का हो?"

कोणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी मनातल्या मनात वजाबाकी केली आणि त्यांचा चेहरा उतरला. पाचशेतून बाई गेल्या तर उरतं काय? धाकटीनं वर पाहिलं. तिचे कान आता पांढरे पडले होते. महिनाभर जी गर्दी आपल्याला बघायला येतेय असं तिला वाटत होतं, ती गर्दी म्हणजे वरच्या मजल्यावरची जाऊ होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी थोरलीच्या पोटातलं दुखणं एकदम थांबलं. पण ते सुख उपभोगायला वेळ नव्हता, कारण सगळी खोली तिच्याकडे बघत होती.

"बाई," साहेबांनी विचारलं, "इतक्या वेळा कशासाठी?"

थोरलीनं दोन-तीन उत्तरं मनात जुळवून पाहिली. तपासत होते. अभ्यास करत होते. कौतुकानं. शेवटचं तर जिभेवर यायच्या आधीच गळून पडलं.

"चुका शोधत होते," ती म्हणाली.

"मग? सापडल्या?"

"एक सापडली असती तर कशाला परत बघितलं असतं?" थोरली भडकून म्हणाली. "एकसुद्धा सापडेना मेली! म्हणून तर रोज बसत होते!"

आधी काका हसले, मग हिशेबवाली, मग साहेब गरम पाण्याचा घोट नाकात जाऊन खोकले. सगळी खोली हसली. धाकटी हसली नाही. ती जावेकडे अशी बघत राहिली, जणू जिना पहिल्यांदाच दुसऱ्या कोणीतरी झाडलाय. इतक्या वर्षांत थोरलीनं तिला दिलेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र, आणि तेही चारचौघांत, शिवीच्या चालीवर.

हसणं ओसरल्यावर साहेबांनी काकांना धरलं. "तुम्ही निम्म्यात का सोडलात?"

"फोन आला," काका म्हणाले. "मग ट्रक आला. मग राहिलं. व्हिडिओ चांगलाय हो, पण तो मला कुठं ओरडतो? इथं बाई हात मांडीवर ठेवायला लावतात. हात मांडीवर असले की फोन उचलता येत नाही."

"आणि फाईल उडाली तर काय करायचं," हिशेबवालीनं भर घातली, "ते व्हिडिओत नाहीच. परवा माझी उडाली, मी अर्धा दिवस रडत होते. शेवटी बाईंकडेच आले ना मी?"

साहेबांनी खोलीच्या भिंतींकडे पुन्हा एकदा पाहिलं, नमुन्याच्या तोट्या मनातून काढून ठेवल्या आणि निकाल दिला. खोली राहील. बाई राहतील. वर्ग होतील. पण वर्गात शिकवायचं ते हा व्हिडिओ लावून. धाकटीनं व्हिडिओ करायचे, बाईंनी ते थांबवून थांबवून लोकांकडून करून घ्यायचे. "दोघी मिळून करा," साहेब म्हणाले, आणि आपण कोणाचं वाक्य उचललं ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

म्हणजे झालं काय बघा. थोरलीची खोली वाचली. प्रोजेक्टर वाचला, चापट वाचली, कॉरिडॉरमधलं 'नमस्कार बाई' वाचलं. फक्त आता रोज त्या खोलीत, तिच्याच हातानं सुरू करून, तिच्याच प्रोजेक्टरवर, धाकटीचा गोड आवाज घुमतो. "घाबरू नका हं." लोक म्हणतात, काय जोडी आहे जावांची! सासूबाईंनी तर दोघींची मिळून दृष्ट लागेल इतकं कौतुक केलं. थोरली वरवर हसते. आतून काय होतं ते विचारू नका.

पण देव एक दार बंद करतो तेव्हा कडी उघडी ठेवतो. व्हिडिओ सुरू करायचा कोणाचा ते साहेबांनी ठरवलं. थांबवायचा कुठं, ते ठरवायचं बाईंनी. आणि इतक्या वेळा पाहिल्यावर त्या व्हिडिओची नस न् नस थोरलीला पाठ. मधोमध एक जागा अशी आहे की धाकटी 'क्लिक करा' म्हणता म्हणता शिंक आवरते. कोपऱ्यातल्या त्या गोलात तेवढ्यापुरता तिचा एक डोळा मिटलेला, दुसरा अर्धा, आणि तोंड पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं उघडं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर निघून जातं. चालू व्हिडिओत ते कोणाला दिसत नाही. थोरलीला दिसतं. ती नेमकी तिथं थांबवते. एकदासुद्धा मागेपुढे होत नाही. मग म्हणते, "हात मांडीवर!" आणि भिंतभर पसरलेल्या त्या पडद्याच्या कोपऱ्यात तो मासा ठेवून निवांत समजावते. लोकांचे प्रश्न घेते. मागच्यांना विचारते. फाईल उडवून परत आणते. कुठल्याही वर्गात कधीही न मिळालेली शांती तिच्या चेहऱ्यावर असते.

परवा धाकटी स्वतः वर्गाला येऊन मागच्या रांगेत बसली होती. संध्याकाळी जिन्यात दोघी समोरासमोर आल्या. त्या दिवशी झाडू थोरलीच्या हातात होता. हल्ली कधी कधी असतो.

"ताई," धाकटी म्हणाली, "व्हिडिओ दुसरीकडे कुठं थांबवता नाही का येणार?"

"कुठं गं?"

"कुठंही. जरा आधी. जरा नंतर."

थोरलीनं एक पायरी नीट झाडली, कोपऱ्यातली धूळसुद्धा काढली आणि मग सावकाश वर पाहिलं.

"थांबवलं असतं गं. पण मुद्दा नेमका तिथंच आहे."

"मग मी तो नवा करून देते. तोंड न दाखवता."

"कशाला?" थोरली म्हणाली. "आहे त्यात एकसुद्धा चूक नाही. मी शोधलीय."